गोंगाट वाढवा, म्हणजे ऐकू येईल

हेडफोनच्या उजव्या बाजूला एकसारखी खरखर सोडायची, रेडिओचं स्टेशन सुटल्यावर येते तशी. त्या खरखरीत ५०० हर्ट्झचा एक साधा ‘पूंऽऽ’ मिसळायचा आणि तो इतका हळू ठेवायचा की त्यात पार बुडून जाईल. डावा कान रिकामा. ऐकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, नुसती खरखर आहे. आता डाव्या कानातही तीच खरखर सुरू करायची. तीच म्हणजे हुबेहूब तीच, क्षणाक्षणाला जुळणारी. पूं मात्र उजवीकडेच राहू द्यायचा. गोंगाट दुप्पट झाला, ऐकायची वस्तू होती तेवढीच राहिली, आणि ऐकणारा म्हणतो, “अरे, येतोय की आता!”

इथे थांबलो तरी पुरेसं नवल आहे. पण पुढची पायरी याच्यावर ताण करते. डाव्या कानातही तोच पूं सोडायचा. आता तो दोन्ही कानांना मिळतोय, म्हणजे आणखी स्पष्ट व्हायला हवा. तो नाहीसा होतो! मग डावीकडच्या पूंची लाट तेवढी उलटी करायची: उजवीकडे हवेचा दाब वाढतो त्याच क्षणी डावीकडे तो कमी व्हावा. पूं परत येतो, आणि ठणठणीत येतो. आधीच्या पायरीवर तो जेमतेम कळण्यासाठी जेवढी ताकद लागली असती, तिच्या साधारण तिसाव्या हिश्शात इथे भागतं. मोजमापाच्या भाषेत, सुमारे १५ डेसिबलचा फायदा.

आयरा हर्श यांनी अशा सुरांवर आणि जे. सी. आर. लिक्लायडर यांनी बोलण्यावर केलेले हे प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाले. दोघंही हार्वर्डच्या सायको-अकूस्टिक लॅबोरेटरीतले. ती प्रयोगशाळा दुसऱ्या महायुद्धात निघाली होती, लढाऊ विमानांच्या गडगडाटात माणसांना एकमेकांचं बोलणं कसं ऐकू जावं या विवंचनेपोटी. (लिक्लायडर पुढे अमेरिकी संरक्षण खात्यात गेले आणि संगणकांचं जाळं विणायच्या कल्पना मांडू लागले, इंटरनेटच्या पूर्वजांत त्यांचं नाव आदरानं घेतात. कानाच्या मागे लागलेला माणूस कुठे पोहोचेल, सांगता येत नाही.)

कान गोंगाट गाळून टाकतो, असं आपण सहज बोलून जातो. गाळायचंच असतं, तर गोंगाट वाढल्यावर काम सोपं कसं झालं? माझ्या मते कान आधी गोंगाटच नीट ऐकतो. त्याच्या सवयी ओळखून घेतो, आणि त्या सवयींत न बसणारं जे उरतं ते आपल्याला ‘आवाज आला’ म्हणून कळतं. गोंगाटाची माहिती जितकी जास्त, तितकं हे काम सोपं. डाव्या कानात खरखर आली तेव्हा अडचण वाढली नव्हती. साक्षीदार वाढला होता.

मिसळलेल्या आवाजांतून एक वेगळा काढायचा हा पेच मुळात सुटतो याचंच आश्चर्य वाटावं. लग्नाच्या हॉलमध्ये सनई चालू आहे, पंखे घरघरतायत, वाढपी ‘मठ्ठा, मठ्ठा’ करत पंगतीतून फिरतोय, मुलं किंचाळतायत आणि शेजारची मावशी कुणाच्या तरी जमिनीच्या वाटणीबद्दल दबक्या आवाजात सांगतेय. हे सगळे आवाज हवेत एकमेकांत मिसळतात. हवेच्या एका ठिकाणी एका क्षणी दाब एकच असतो. त्यात सनईचा वाटा किती आणि मावशीचा किती, याची नोंद कुठेही नसते. कानाच्या पडद्याला मिळते ती ही बेरीज. तीच बेरीज मोबाइलवर टिपून घरी ऐकली की कलकलाटाशिवाय हाती फारसं लागत नाही. मावशीचं वाक्य मात्र तिथे बसल्या बसल्या आपण शब्दन्‌शब्द ऐकलेलं असतं.

मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० साली या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक खेळ सुचवला आहे. तळ्याच्या काठाला दोन अरुंद चर खणायचे, तळ्याच्या लाटा आत येतील असे. प्रत्येक चरात एक रुमाल ताणून बांधायचा. आता तळ्याकडे बघायचं नाही. फक्त ते दोन रुमाल कसे हलतात तेवढं बघून सांगायचं की तळ्यात होड्या किती आहेत, कुठली जवळ आहे, कुठली वेगात चाललीय, वारा सुटलाय का, आणि आत्ता पाण्यात काही जड पडलं का. ऐकताना आपण नेमकं हेच करत असतो, आणि तेही जेवता जेवता.

पहिली मदत कानाच्या रचनेतच आहे. पडद्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांतून आतल्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, जाते. हा शंख उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. त्यातल्या पडदीची तोंडाकडची बाजू बारीक, उंच स्वरांना डोलते आणि टोकाची बाजू खर्जाला. तिच्यावर सुमारे साडेतीन हजार आतल्या रोमपेशी ओळीनं उभ्या असतात आणि आपापल्या जागेवर काय हललं ते चेतातंतूंना कळवतात. म्हणजे एका बेरजेचे इथे अनेक पट्टे होतात. सनईचा बराचसा भाग काही पट्ट्यांत जातो, पंख्याची घरघर दुसऱ्यांत. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर यांनी १९४० साली या पट्ट्यांची रुंदी मोजायची एक सोपी युक्ती काढली. एखाद्या सुराभोवती खरखर पसरायची आणि हळूहळू तिची रुंदी वाढवत न्यायची. सुरुवातीला सूर ऐकणं कठीण होत जातं, पण एका मर्यादेनंतर खरखर कितीही रुंदावली तरी फरक पडत नाही, कारण जास्तीची खरखर शेजारच्या पट्ट्यांत जाते आणि सुराला तिचं सोयरसुतक उरत नाही.

चाळीसेक वर्षं सगळ्यांचा असा समज होता की प्रत्येक पट्टा आपापलं बघतो. मग १९८४ साली जोसेफ हॉल, मार्क हॅगर्ड आणि मारियानो फर्नांडिस यांनी फ्लेचर यांचाच प्रयोग थोडा बदलून केला. त्यांनी खरखर एकसारखी न ठेवता लहानमोठी होत राहील अशी केली, आणि तो चढउतार सगळ्या पट्ट्यांत एकाच वेळी होईल अशी ठेवली. आता रुंदी वाढवत नेली तसा सूर एका मर्यादेनंतर जास्त सहज ऐकू येऊ लागला. सुराच्या पट्ट्यात काहीही बदललेलं नव्हतं, लांबच्या पट्ट्यांत गोंगाटाची भर पडत होती, आणि तरीही!

उलगडा असा. लांबचे पट्टे सांगतात की गोंगाट आत्ता ओसरलाय. तशा क्षणी सुराच्या पट्ट्यातही शांतता हवी. तिथे काहीतरी उरलंय, याचा अर्थ ते गोंगाटाचं नाही. शेजाऱ्यांच्या हालचालीवरून कान आपल्या पट्ट्यातली नेमकी फट हेरतो आणि तिच्यातून डोकावतो. खऱ्या जगातले बहुतेक गोंगाट असेच असतात: वाऱ्याची झुळूक, गर्दीचा कल्लोळ, पावसाची सर, सगळ्या पट्ट्यांत मिळून चढणारे आणि मिळून उतरणारे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इस्रायल नेल्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हे निसर्गातल्या आवाजांत दाखवून दिलं, आणि मांजराच्या मेंदूतल्या पेशी अशा चढउताराच्या आतला मंद सूर कसा उचलतात तेही. पक्ष्यांनाही ही कला येते. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांचा युरोपातला भाऊबंद, स्टार्लिंग, याच कसोटीला उतरला आहे. प्रयोगशाळेतल्या एकसुरी खरखरीत कान काहीसा बापुडवाणा दिसत होता, कारण तिथे त्याला हेरायला फटीच ठेवलेल्या नव्हत्या.

आता दोन कानांकडे वळू. एखादा आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाशी आधी पोहोचतो, डाव्याशी नंतर. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही सहा-सात दशांश इतका. सरावलेल्या माणसाला मात्र १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लक्षांश भागाचा फरक कळतो. मेंदूतल्या पेशीची एक विद्युत ठिणगीच साधारण हजारांश सेकंद टिकते. ज्याच्या तबकडीवर हजारांशच्या खुणा आहेत, त्या घड्याळावर ही लक्षांशाची वेळ कशी वाचली जाते?

मानेच्या वर, मेंदूच्या देठात, अशा पेशींचा एक पुंजका आहे ज्यांना दोन्ही कानांकडून तारा येतात. दोन्हीकडचे ठोके एकाच वेळी पोहोचले तर ती पेशी जोरात प्रतिसाद देते, मागेपुढे झाले तर थंड राहते. ही कल्पना लॉइड जेफ्रेस यांनी कागदावर मांडली तीही १९४८ सालीच. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले मासाकाझू कोनिशी गव्हाणी घुबडाच्या मागे लागले. हे घुबड मिट्ट काळोखात नुसत्या खसफशीवरून उंदीर पकडतं. १९९० साली कॅथरिन कार आणि कोनिशी यांनी त्याच्या मेंदूत जेफ्रेस यांच्या आराखड्याबरहुकूम कमीजास्त लांबीच्या तारा आणि वेळ जुळवणाऱ्या पेशी दाखवल्या. सस्तन प्राण्यांत तारांची मांडणी तशीच्या तशी नाही, पण वेळ जुळवून पाहणाऱ्या पेशी आहेत.

हेडफोनचं कोडं इथे सुटतं. दोन्ही कानांत हुबेहूब एकच खरखर असेल, तर या पेशींसमोर दोन बाजू तंतोतंत जुळतात. एकाच बाजूला बारीकसा पूं मिसळला की जुळणी किंचित बिघडते, आणि हा बिघाड मेंदूला चटकन खटकतो. तोच पूं दुसऱ्या बाजूलाही घातला की जुळणी पुन्हा पूर्ण. खटकायला काही उरतच नाही. उलटी लाट घातली की बिघाड सगळ्यात मोठा. एमआयटीतल्या नॅथॅनिएल डरलक यांनी याचं गणित मांडलं: मेंदू एका कानातला गोंगाट दुसऱ्याशी जुळवून घेतो आणि मग एकातून दुसरा वजा करतो. गोंगाट शून्याकडे जातो, दुसऱ्या दिशेनं आलेला आवाज उरतो. गजबजलेल्या हॉटेलात बसून एक कान बोटानं बंद करून पाहा. आवाज कमी होतो, आणि त्याहून कितीतरी जास्त समोरच्याचं बोलणं कळेनासं होतं.

इथवर वाहतूक एकाच दिशेनं चालली होती, कानाकडून मेंदूकडे. प्रत्यक्षात मेंदूकडूनही कानाकडे तारा जातात. ग्रँट रॅस्मुसन यांनी १९४६ साली त्यांचं वर्णन केलं. त्या जाऊन पोहोचतात बाहेरच्या रोमपेशींपाशी. या पेशी सुमारे बारा हजार, आणि त्या ऐकण्याच्या फारशा भानगडीत पडत नाहीत, त्या नाचतात. कंपनाच्या तालावर आखूड-लांब होत त्या पडदीला आणखी हलवतात आणि मंद आवाज मोठा करून आतल्या रोमपेशींच्या हवाली करतात. कानात असा जिवंत वर्धक असलाच पाहिजे, असं थॉमस गोल्ड यांनी पुन्हा १९४८ सालीच म्हटलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. त्या काळी कॉक्लियाबद्दलचा शेवटचा शब्द म्हणजे गेऑर्ग फॉन बेकेशी यांचा शब्द. त्यांना १९६१ साली नोबेल मिळालं. त्यांची मोजमापं शवांच्या कानांतली होती आणि मेलेल्या कानात नाचणारं कुणी नसतं. गोल्ड निराश होऊन खगोलशास्त्राकडे वळले, तिथेही त्यांनी भरपूर वाद ओढवून घेतले. तीस वर्षांनी, १९७८ साली, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन बसवला आणि कानातून बाहेर येणारा आवाज टिपला. कान स्वतः आवाज करतो! आज नवजात बाळाच्या कानात चिमुकली नळी घालून श्रवणतपासणी करतात ती याच आवाजाचा कानोसा घेत.

तर मेंदूकडून येणाऱ्या तारा या नाचणाऱ्यांना आवर घालतात. गोंगाट एकसारखा चालू असेल तर सगळे चेतातंतू सतत ठोके देऊन थकतात, आणि नवा आवाज आला तरी त्याच्यासाठी त्यांच्यात दम उरत नाही. वर्धक थोडा खाली घेतला की एकसुरी गोंगाटाला मिळणारा प्रतिसाद घटतो, तंतूंना उसंत मिळते, आणि अचानक आलेला आवाज उठून दिसतो. वरच्या मजल्यावरही तीच वृत्ती. डीन, हार्पर आणि मॅकअल्पाइन यांनी २००५ साली गिनीपिगच्या मध्यमेंदूत पाहिलं की भोवतालचे आवाज ज्या पातळीचे असतील, त्या पातळीवरचे फरक ओळखण्याकडे पेशी आपली मोजपट्टी सरकवून घेतात. शांत घरातून बाहेर चौकात आलो की पट्टी वर; परत आलो की खाली. आपल्याला पत्ताही नसतो.

गोंगाटाचा उपयोग त्याहून खाली, अगदी एकेका रोमपेशीतही दिसतो. तिच्या टोकावरची केसाळ जुडी द्रवातल्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत थरथरत असते. ही थरथर म्हणजे निव्वळ अडथळा, असंच कुणालाही वाटेल. १९९८ साली फर्नान हारामियो आणि कर्ट वीझनफेल्ड यांनी बेडकाच्या रोमपेशींवर दाखवलं की थोडी थरथर असली तर पेशी मंद आवाजाला जास्त चांगला प्रतिसाद देते. एकटा मंद आवाज पेशीला जागं करण्याइतका जोर लावू शकत नाही. थरथरीच्या धक्क्यासोबत तो उंबरठा ओलांडतो. थरथर फार झाली तर अर्थातच सगळं विस्कटतं.

आणि गोंगाटानं आवाज पूर्णच झाकला तर? १९७० साली मिलवॉकीतले रिचर्ड वॉरेन यांनी एका इंग्रजी वाक्यातल्या शब्दातून एक ध्वनी कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज चिकटवला. ऐकणाऱ्यांनी शब्द अख्खा ऐकला. काही गळलंय असं जवळपास कुणालाच जाणवलं नाही, आणि खोकला नेमका कुठे आला तेही सांगता येईना. हीच फट कोरी, निःशब्द ठेवली तर मात्र तुटलेला शब्द लगेच कळतो. रिकाम्या जागेपेक्षा गोंगाटानं भरलेली जागा चांगली, कारण खोकल्याआड ध्वनी असू शकतो. शांततेआड तो लपू शकत नाही. फोनवर आवाज तुटक येतो तेव्हा होणारी चिडचिड आणि पावसाच्या माऱ्यात पत्र्याखाली बोलताना साधणारा संवाद, यांतला फरक इथून पाहिला तर निराळा दिसतो.

म्हणजे ऐकण्यात अंदाजही आहे, आणि भरपूर आहे. ब्रिटिश अभियंता कॉलिन चेरी यांचा १९५३ सालचा निबंध हा या क्षेत्रातला सगळ्यात प्रसिद्ध. त्यातल्या एका प्रयोगात त्यांनी एकाच माणसाच्या आवाजातले दोन मजकूर एकावर एक मिसळून दोन्ही कानांना ऐकवले. टेप पुन्हा पुन्हा ऐकून, डोळे मिटून, लोक ते वेगळे करू शकले, कारण वाक्य पुढे कुठे जाणार याचा अंदाज बांधता येत होता. मग चेरी यांनी निव्वळ ठोकळेबाज वाक्यांचे मजकूर मिसळले. लोक हरले. प्रत्येक तुकडा ओळखीचा, पण एका तुकड्यावरून पुढचा कुठला ते कळेना, आणि ऐकणारे एका मजकुरातून दुसऱ्यात घसरत राहिले. एकावेळी बोलणाऱ्या दोन पुढाऱ्यांची भाषणं वेगळी करणं का जड जातं, याला आता शास्त्राधार मिळाला म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि एका कानातला मजकूर मोठ्यानं म्हणत राहायला सांगितलं. हे लोकांना सहज जमलं. पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं? कुणीतरी बोलत होतं, एवढंच. तिथली भाषा मध्येच इंग्रजीची जर्मन झाली, तेही लक्षात आलं नाही. पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली तर मात्र कळलं. नेव्हिल मोरे यांनी १९५९ साली त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं नाव घातलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. गर्दीतही आपलं नाव ऐकू येतंच, असं जे आपण म्हणतो ते इतकं काही खरं नाही. तिघांतल्या दोघांना येत नाही. २००१ सालच्या एका प्रयोगात आणखी एक गंमत निघाली. ज्यांची मनात एकावेळी बऱ्याच गोष्टी धरून ठेवायची ताकद जास्त, त्यांच्यापैकी फक्त २० टक्क्यांना नाव ऐकू आलं. ज्यांची कमी, त्यांच्यापैकी ६५ टक्क्यांना. हाक मारल्यावर ‘ओ’ न देणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

लक्ष देताना मेंदूत काय होतं, हे प्रत्यक्ष बघायची संधी सॅन फ्रान्सिस्कोत मिळाली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर विद्युताग्रं ठेवलेली होती, अशा तीन रुग्णांना निमा मेस्गरानी आणि शल्यविशारद एडवर्ड चँग यांनी दोन आवाज एकदम ऐकवले आणि त्यांतल्या एकाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या नोंदींवरून त्यांनी आवाज उलटा बांधून काढला. कानात दोघं बोलत होते. बांधून निघालेलं चित्र मात्र जवळपास एकाचंच होतं, लक्ष दिलेल्या आवाजाचं. रुग्णाचं उत्तर चुकलं, तेव्हा नोंदींत दुसऱ्याच माणसाचा आवाज सापडला. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. मला या सगळ्या विषयातलं हेच निरीक्षण सर्वांत थरारक वाटतं: लक्ष कुठे भरकटलं, ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकता आलं.

प्राण्यांच्या युक्त्या लिहायला बसलं तर जागा पुरायची नाही. दोन मात्र सोडवत नाहीत. किंग पेंग्विनच्या वसाहतीत हजारो पक्षी खेटून उभे असतात आणि सगळे ओरडत असतात. समुद्रावरून परतलेल्या आईबापाची हाक पिल्लू ओळखतं, आणि तिएरी ओबँ व पियेर जूव्हाँताँ यांनी १९९८ साली मोजलं की ती हाक भोवतालच्या कल्लोळापेक्षा ६ डेसिबलनं मंद असली तरीही ओळखतं. दुसरी युक्ती अमेरिकेतल्या हिरव्या झाडबेडकाची. बेडकाच्या कानाचा पडदा आतून तोंडावाटे फुफ्फुसांशी जोडलेला असतो. मादी फुफ्फुसं फुगवते तेव्हा तिचा पडदा इतर जातींचे बेडूक ज्या पट्ट्यात ओरडतात तेवढ्याच पट्ट्यात बधिर होतो. स्वजातीच्या नराची हाक ज्या दोन पट्ट्यांत असते ते तसेच राहतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्क बी यांच्या गटानं २०२१ साली हे मांडलं. काम मेंदूपर्यंत न नेता छातीतच उरकायचं, यात एक प्रकारचा बेडूकपणा आहे खरा, पण काय सुबक!

माणसाचं हे कसब वयाबरोबर आधी जातं. “ऐकू येतं, पण कळत नाही,” असं आजी-आजोबा म्हणतात आणि घरचे म्हणतात, पाहिजे ते बरं ऐकू येतं! बंद खोलीत एकेक सूर ऐकवून केलेली तपासणी कित्येकदा ठीकही निघते. २००९ साली बॉस्टनमध्ये शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही आठवड्यांत उंदरांचं ऐकणं पूर्ववत झालं, रोमपेशी शाबूत होत्या. पण उंच स्वरांच्या भागात रोमपेशी आणि चेतातंतू यांच्यामधले सुमारे निम्मे सांधे कायमचे गेले होते. पुढच्या कामातून दिसलं की जाणाऱ्यांत जास्त भरणा अशा तंतूंचा असतो जे मोठ्या आवाजातच बोलू लागतात. शांततेत त्यांची उणीव भासत नाही. गोंगाटात त्यांच्याशिवाय भागत नाही. माणसांत हे किती प्रमाणात घडतं यावर संशोधक अजून भांडतायत. विसर्जन मिरवणुकीत १०० डेसिबल ही काही दुर्मिळ पातळी नाही, हे मात्र वादातीत.

म्हणून आता तपासणीतच गोंगाट घालतात. खरखरीत मिसळलेले तीन आकडे ऐकायचे आणि फोनवर दाबायचे, अशी चाचणी नेदरलँड्समध्ये २००४ च्या सुमारास आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मोबाइल ॲपमध्येही तीच पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी एका कानातल्या आकड्यांची लाट उलटी करून ही चाचणी आणखी धारदार केली, हर्श आणि लिक्लायडर यांचीच युक्ती.

श्रवणयंत्राचं दुखणं आता उघड आहे. ते मावशीलाही मोठं करतं आणि सनईलाही. दोन कानांतली दोन यंत्रं आपापल्या मर्जीनं आवाज कमीजास्त करू लागली, तर मेंदू ज्या फरकांवर जगतो तेच ती पुसून टाकतात. म्हणून नवी यंत्रं बिनतारी संदेशांनी एकमेकांशी बोलून घेतात. कॉक्लियर इम्प्लांटमध्ये साडेतीन हजार रोमपेशींचं काम फार तर बावीसेक विद्युताग्रांवर येतं. शांत खोलीत त्यावर फोनवर बोलताही येतं, पंगतीत मात्र ते वापरणाऱ्यांची दमछाक होते. मेस्गरानी आता कोलंबिया विद्यापीठात वेगळ्या यंत्राच्या मागे आहेत: आधी सगळे आवाज वेगळे करायचे, मेंदूच्या लहरींवरून लक्ष कुणाकडे आहे ते ताडायचं, आणि तेवढाच आवाज मोठा करायचा. रुग्णांवरच्या प्रयोगांत हे जमलं आहे. अडचण एवढीच की लक्ष कुणाकडे वळलं हे यंत्राला कळेपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात मावशी जमिनीच्या वाटणीवरून कुणाच्या तरी सुनेवर आलेली असते.